खात्रीचा रानमेंढा

ऑपरेशन थिएटरमध्ये मराठीतून शिव्या खाणारी त्या अख्ख्या हॉस्पिटलात मी एकटीच होते. म्हणजे शिव्या सगळ्यांनाच बसायच्या, पण त्या शिव्या आहेत हे कळणारी मी एकटी. इंगवले सर मास्कच्या आतून, खालच्या पट्टीत, अस्सल कोल्हापुरीत समोरच्या ज्युनिअरचा खानदानासकट उद्धार करायचे आणि तो बिचारा वेल्श मुलगा "थँक यू, मिस्टर इंगवले" म्हणायचा. ग्वेन नावाची आमची थिएटरमधली सिनिअर नर्स नव्या लोकांना सांगायची, "घाबरू नका, ते त्यांच्या देवाशी बोलतायत."

मी टेबलाच्या डोक्याशी, भुलीच्या मशीनजवळ बसून हे सगळं ऐकायची. मी भूलतज्ज्ञ, मूळची नागपूरची. दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत कार्डिफला नोकरी मिळाली आणि माझं नशीब असं, की ड्यूट्यांचा रोटा बनवणाऱ्यांनी मला हाडांच्या ऑपरेशनांच्या लिस्टवर, इंगवल्यांच्या थिएटरात टाकलं. दोघे एकाच गावचे, म्हणजे जमेल, असा त्यांचा हिशोब. नागपूर आणि कोल्हापूर यांत किती अंतर आहे हे त्यांना कोण सांगणार?

पहिल्याच दिवशी मी "डॉक्टर इंगवले" म्हणाले. इकडे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. हे मला ठाऊक होतं, पण सवयीनं तोंडातून गेलं. त्यांनी हातमोजे चढवता चढवता माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हटलं, "डॉक्टर सर्दी बघतो." मग मराठीत, "कुठली तू?" मी सांगितलं. "बरं. नागपूर." त्या दिवसापासून माझं नाव नागपूर.

तो माणूस मला कधीच आवडला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. बोलताना समोरच्याच्या इतक्या जवळ येऊन उभे राहायचे की माणूस आपसूक मागं सरायचा. जेवणाच्या सुट्टीत कॉफी रूमच्या टेबलावर कांदा ठेवून बुक्कीनं फोडायचे आणि वास खोलीभर सोडून निघून जायचे. कुणी काही समजावून सांगायला लागलं की मध्येच म्हणायचे, "पुढं?" इंग्रजीत असेल तर "अँड?" समोरच्यानं आणखी काही सांगितलं की पुन्हा "पुढं?" माणसाजवळ सांगण्यासारखं काही उरत नाही तोवर हे चालायचं आणि मग ते त्याच्याकडे असं बघायचे, की जणू त्याला आत्ताच नागडं केलंय.

एकदा ऑपरेशनच्या मधोमध पेशंटचं ब्लडप्रेशर घसरायला लागलं. मी म्हटलं, "सर, थांबा." ते म्हणाले, "झोपवायचं काम तुझं, कापायचं माझं." मी म्हटलं, "थांबला नाहीत तर हा कायमचा झोपेल." ते थांबले. हात छातीशी धरून, टाइल्सकडे बघत, प्रेशर वर येईपर्यंत माझ्या आईवडिलांविषयी बोलत उभे राहिले. ग्वेननं हळूच डोळे मिटले होते. प्रार्थनेला मान म्हणून.

हात मात्र विलक्षण होते. चुरा झालेलं हाड ते असं जुळवायचे, की एक्स-रे बघताना मला त्यांचा आणखीनच राग यायचा.

शिकारीचा नाद घराण्यातला. आजोबांपासून बंदुका. इकडे आल्यावर त्यांनी रीतसर लायसन्स काढलं होतं आणि दर शरदात ते स्कॉटलंडला हरणाच्या शिकारीला जायचे. परत आले की कॉफी रूममध्ये वर्णन. मला शिकारीची शिसारी; मी कप उचलून बाहेर जायची. पण एका हिवाळ्यात विषय बदलला. कुठल्याशा क्लबात कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, हरीण कुणीही मारतो, खरा कस लागतो तो डोंगरी रानमेंढ्यापाशी. मध्य आशियात, किर्गिझस्तानच्या डोंगरात, वाकडीतिकडी वळलेली भली मोठी शिंगं असलेला मेंढा. झाड नाही, झुडूप नाही, नुसता उघडा दगड, आणि श्वास पुरणार नाही इतकी उंची. इंगवल्यांना कुणी "तुम्हाला जमणार नाही" असं आडून जरी सुचवलं, तरी तेवढं पुरायचं.

अशा शिकारीला एकट्यानं जाता येत नाही. आउटफिटर लागतो. म्हणजे सरकारी परवाना काढणं, वाटाडे, घोडे, तंबू, बंदूक सीमेपार नेण्याचे कागद, हे सगळं बघणारी कंपनी. अशा कंपन्या बऱ्याच, आणि त्यातून एक निवडायची. इंगवल्यांनी ती निवड ज्युनिअर डॉक्टरांच्या मुलाखतीसारखी सुरू केली. म्हणजे समोरच्याला रडवायचं आणि जो रडणार नाही तो ठेवायचा. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात ते कॉफी रूममधल्या फोनवरून कंपन्यांना धारेवर धरायचे. मी पूर्वी लडाखच्या एका दवाखान्यात काम केलं होतं हे त्यांना कुठून तरी कळलं. "ए नागपूर, उंचीवर माणूस कशानं मरतो?" मी सांगितलं. फुप्फुसात पाणी, मेंदूला सूज, आणि ज्याचं हृदय आधीच कुरकुरतंय त्याचं हृदय. "पुढं?" पुढं काही नाही, मरतो, मी म्हटलं. त्यावर ते पहिल्यांदा हसले.

एका कंपनीनं आपला माणूस थेट हॉस्पिटलात पाठवला. टोबी त्याचं नाव. ट्वीडचा कोट, गुळगुळीत गाल, काखेत चकचकीत कॅटलॉग. प्रत्येक पानावर एक लालबुंद चेहऱ्याचा माणूस मेलेल्या मेंढ्याशेजारी गुडघे टेकून हसतोय.

"तिथं माणूस आजारी पडला तर खाली कसा आणता?" सरांनी विचारलं.

"तशी वेळ आमच्यावर कधी आलीच नाही, मिस्टर इंगवले."

"अँड?"

"म्हणजे... आमचे लोक अनुभवी आहेत."

"ऑक्सिजन?"

टोबी जरा गोंधळला. "तिथली हवा अतिशय शुद्ध असते."

मी कपात तोंड घातलं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मराठीत टोबीच्या जन्माविषयी शंका व्यक्त केली.

टोबीनं मग हुकमी पान टाकलं. "आम्ही मेंढ्याची गॅरंटी देतो. शंभर टक्के. तुम्ही रिकाम्या हातानं येणारच नाही."

"जंगली जनावराची गॅरंटी?" सर उठून त्याच्या अगदी नाकासमोर जाऊन उभे राहिले. "मी मोडलेल्या हाडाची गॅरंटी देत नाही. ते तर माझ्या टेबलावर पडलेलं असतं. गेट आउट."

टोबी गेला, कॅटलॉग विसरला. हे मी मुद्दाम सांगतेय. इंगवले सरांना सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. जे शिकारी तुमच्याबरोबर येऊन हात हलवत परत गेले, त्यांची नावं द्या. सगळ्या कंपन्या यशस्वी लोकांची नावं द्यायला उत्सुक. या प्रश्नाला मात्र गुळमुळीत उत्तरं. एकच बाई निघाली जी फोनवर मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "कागद घ्या. बरेच आहेत."

ती मोयरा. स्कॉटलंडची, आधी जनावरांची डॉक्टर. मग ते सोडून तिनं हा व्यवसाय धरला होता. सरांनी तिनं दिलेल्या एकेकाला फोन लावला. सगळ्यांनी तिच्या नावानं बोटं मोडली. बाई उद्धट आहे. धुकं आलं म्हणून शेवटच्या दिवशी मागं फिरवलं. एकाला तर मेंढा समोर उभा असताना गोळी झाडू दिली नाही. अंतर जास्त आहे, जनावर जखमी होऊन पळेल, म्हणाली. "मग पुन्हा जायचं झालं तर कुणाबरोबर जाल?" सर प्रत्येकाला विचारायचे. प्रत्येकाचं उत्तर एकच: तिच्याबरोबर.

सरांनी फोन ठेवला आणि कांदा फोडला. "हीच," ते म्हणाले.

पण मोयराचंही एक म्हणणं होतं. चढताना बघितल्याशिवाय ती कुणालाच नेत नसे. कार्डिफच्या उत्तरेला ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात या, पाठीवर वजन घेऊन या, आणि तुमच्या तब्येतीबद्दल माझ्याशी खरं बोलेल असं कुणीतरी बरोबर आणा. सर आठवडाभर धुमसत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेला माणूस. शेवटी एके दिवशी मला म्हणाले, "शनिवारी मोकळी ठेव स्वतःला." विनंती नव्हतीच ती. मी का गेले? खरं सांगायचं तर त्यांची कुणीतरी परीक्षा घेताना मला बघायचं होतं.

मार्चमधला शनिवार. वारा असा की कानशिलं बधिर. मोयरा उंच, हाडकुळी, पिकलेल्या केसांची. तिनं हातही पुढं केला नाही. सरांची सॅक उचलून वजन पाहिलं, दोन दगड आत टाकले आणि चालायला लागली.

पहिल्या चढावर सर बोलत होते. दुसऱ्यावर गप्प झाले. मग ते देखावा बघायला थांबायला लागले. धुक्यामुळे देखावा असा काही नव्हताच. मी त्यांच्याकडे बघत होते, मोयराही बघत होती. ओठांभोवती करडा रंग, इतक्या थंडीत वरच्या ओठावर घाम, आणि डावा हात सारखा उघडझाप करत होता. भुलीच्या डॉक्टरला यापेक्षा जास्त काही सांगावं लागत नाही.

मोयरा खडकाच्या आडोशाला थांबली आणि तिनं थर्मासमधून स्वतःपुरता चहा ओतला. मग मला विचारलं, "आज हा माणूस तुमच्या टेबलावर आला, तर भूल द्याल?"

"नाही," मी म्हटलं. "आधी हृदयाची तपासणी करून घेईन."

"ए नागपूर," सर मराठीत म्हणाले, "तोंड फोडीन." पुढचं मी लिहीत नाही.

"काय म्हणतायत?" मोयरानं विचारलं.

"देवाशी बोलतायत."

ती हसली नाही. "मिस्टर इंगवले, तपासून घ्या. जे निघेल ते दुरुस्त करा. पुढच्या वर्षी या, मी नेईन. मेंढे कुठं जात नाहीत."

"मी पेशंट नाही."

"अजून नाही. एकदा एका क्लाएंटचं प्रेत घोड्यावर बांधून मी खाली आणलंय. घोड्याला ते आवडत नाही आणि मलाही."

परतताना मी त्यांच्याच गाडीत होते. वाटेत मर्थर गाव आल्यावर त्यांनी स्टेशनसमोर गाडी थांबवली आणि माझ्या बाजूचं दार हात लांब करून उघडलं. बाहेर बर्फमिश्रित पाऊस. मी उतरले. ट्रेननं कार्डिफला आले. बूट आतपर्यंत भिजले होते आणि मी रस्ताभर त्यांना त्यांच्याच भाषेत शिव्या देत होते. बऱ्याच पाठ झाल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी टोबीचं कॅटलॉग उघडलं.

त्यांच्या पत्नी शैलाकाकू माझ्याशी कधीतरी महाराष्ट्र मंडळात बोलायच्या, तेवढीच ओळख. त्यांचा फोन आला. "तू सांग ना गं त्यांना. तू डॉक्टर आहेस."

"काकू, ते माझं ऐकतील?"

"ऐकणारा माणूस असता तर तुला फोन केला असता का मी?" त्या म्हणाल्या. "त्या बाईनं नाही म्हटलं ना, ते लागलंय त्यांना. मेंढ्याचं काही नाही."

सप्टेंबरात ते टोबीच्या कंपनीबरोबर गेले. परत आले ते नाकाची सालं निघालेले, गाल आत गेलेले. कॉफी रूममध्ये सगळ्यांनी विचारलं. "मिळाला नाही," एवढंच. गॅरंटीचं काय झालं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि त्यांनी शिव्या देणं बंद केलं. ज्युनिअर टरकले. चुका झाल्या तरी सर नुसते "पुन्हा करा" म्हणायचे. ग्वेन मला म्हणाली, "यांचं देवाशी भांडण झालंय का?"

मग एके दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मांडीचं हाड जुळवत असताना, स्क्रू पिळता पिळता, त्याच खालच्या पट्टीत त्यांनी सुरुवात केली. माझ्याकडे न बघता. ग्वेननं मला भुवईनं खूण केली: आले बघ ताळ्यावर.

"नागपूर, ऐकतीस का? मला घोड्यावर बसवून नेलं. चालायचं कामच नाही. धाप लागत होती, मी गप बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा तिथला मॅनेजर म्हणाला, चला सर, मेंढा दिसलाय. एका खडकामागं पालथा पडलो. दुर्बिणीतनं बघितलं. एकटाच उभा. कळप वर कड्यावर गेलेला आणि हा खाली एकटा. काय शिंगं. मी म्हटलं, हा पळत का नाही? मॅनेजर म्हणतो, मारा सर, मारा. आणि मग त्यानं एक पाऊल टाकलं."

ते थांबले. "ड्रिल," ग्वेनला इंग्रजीत म्हणाले. ड्रिलचा आवाज थांबेपर्यंत आम्ही सगळेच थांबलो.

"पुढचा डावा पाय. मोडलेला. लटकत होता. मी आयुष्यभर दुसरं काय बघितलंय? मी गोळी घातली. नसती घातली तर तो तसाच मेला असता चार दिवसांनी. जवळ गेलो. पायाला तारेचा कापलेला वळ, हाडापर्यंत. सूज जुनी, दोन-तीन दिवसांची. सोडवलेली तार शेजारच्या खुंटीलाच होती, काढायची पण तसदी घेतली नव्हती. आधीच फासात धरून ठेवलेला गं. मी तंबूत बसून चहा पीत होतो तेव्हा तो तिथं तारेला हिसके देत होता."

"मग?" मी विचारलं. माझ्या तोंडून "पुढं?" निघालं नाही, एवढं बरं.

"मॅनेजरची गचांडी धरली. त्याला कळंचना मी का चिडलोय. म्हणतो, सर, गॅरंटी होती ना. तुम्हाला गॅरंटीच पाहिजे होती." एक स्क्रू बसला. "शिंगं तिथंच टाकून आलो. तो बरोबर बोलत होता, नागपूर. मला जे विकलं तेच मी घेतलं होतं."

पेशंटचं प्रेशर ठीक होतं. मी चार्टवर लिहिलं. त्यांना बरं वाटेल असं काही मी बोलले नाही. तशी इच्छाही नव्हती. डोळ्यांपुढं तो मेंढाच येत होता.

त्यांनी टाके घातले आणि ज्युनिअरला, बऱ्याच दिवसांनी, एक सणसणीत शिवी दिली. "थँक यू, मिस्टर इंगवले," तो म्हणाला.

गोष्ट तिथं संपली असती. पण पुढच्या हिवाळ्यात टोबीच्या कंपनीचं नवीन कॅटलॉग निघालं आणि त्यात इंगवले होते. मेंढ्याचा मोडका पाय तपासायला ते वाकले तेव्हा कुणीतरी फोटो काढला होता. गुडघे टेकलेले, हात मेंढ्याच्या पायावर, दात आवळलेले. पण कागदावर ते हसल्यासारखं दिसत होतं. खाली छापलं होतं, कार्डिफचे एक समाधानी सर्जन. कार्डिफात असे दिसणारे सर्जन किती असणार? लोक हॉस्पिटलच्या स्विचबोर्डवर फोन करून त्यांना शोधायला लागले. कंपनी कशी आहे, मेंढा खरंच मिळतो का, जावं का?

पहिला फोन त्यांनी राँग नंबर म्हणून आपटला. आम्हाला वाटलं, वकिलाची नोटीस जाणार, कॅटलॉग मागं घ्यायला लावणार. शैलाकाकूंनी तसं सुचवलंही. ते म्हणाले, "राहू दे. येऊ देत फोन."

आणि ते सांगायला लागले. कॉफी रूममध्ये, सगळ्यांसमोर, त्या घोगऱ्या, जोरदार इंग्रजीत. कधीही, कुठल्याही ज्युनिअरसमोर "माझं चुकलं" न म्हटलेला माणूस सगळ्यांना तारेचा वळ किती खोल होता ते सांगायचा. समोरचा बहुतेक वेळा आभार मानून फोन ठेवायचा. काही जण वाद घालायचे; त्यांच्यावर ते असे तुटून पडायचे, की नर्सेस चहा घेऊन बाहेर जायच्या. शेवटी म्हणायचे, "एक बाई आहे स्कॉटलंडला. अत्यंत उद्धट. तिला विचारा. ती नाही म्हणाली तर घरी बसा." मोयराला मात्र त्यांनी स्वतः कधी फोन केला नाही.

हृदयाची तपासणी त्यांनी बर्मिंगहॅमला करून घेतली, कुणाला कळू नये म्हणून. सगळ्यांना कळलं. बायपास झाली. परत आले ते अर्ध्या लिस्टवर, मग बाह्यरुग्ण विभागात, मग निवृत्ती. डोंगराचं नाव पुन्हा निघालं नाही. माझ्याशी ते शेवटपर्यंत तसेच वागले. मर्थरच्या पावसाबद्दल एका शब्दानं माफी नाही, आणि मीही ती मागितली नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी समारंभ नव्हता. एक कार्ड फिरलं होतं, त्यावर मोजक्याच सह्या. मी केली होती, नुसतं नाव. संध्याकाळी घरी निघाले तेव्हा थिएटरबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये रिसेप्शनच्या फोनजवळ ते उभे दिसले. नेहमीच्या कपड्यांत, कोट हातावर, बायपासनंतर खांद्यातून जरा झुकलेले. कुणाचा तरी फोन ट्रान्स्फर होऊन आला होता.

"येस. फोटोतला माणूस मीच," ते म्हणत होते. "हसत नाहीये मी. नीट बघा." मग ऐकत राहिले. "नाही, तुमचा मित्र बुकिंग करतोय तर त्यालाही सांगा. माझं नाव घेऊन सांगा. नाव लपवायचं काही कारण नाही. पेन आहे?"

मला बघून त्यांनी मान हलवली नाही, की काही नाही. मीही थांबले नाही. बस गाठायची होती. दार ढकलताना मागून त्यांचा आवाज आला. एकेक अक्षर सुटं करून, बहिऱ्यालाही कळेल असं, ते आपलं आडनाव त्या अनोळखी माणसाला सांगत होते. "आय. एन. जी. ए..." तेवढ्यात एक पोर्टर रिकामी ट्रॉली खडखडवत शेजारून गेला. सर थांबले, ट्रॉली लांब जाऊ दिली आणि पुन्हा आय-पासून सुरुवात केली.